तज्ज्ञांनी दुरुस्त केलेला पायब्रेक

घरातली सगळ्यांत हवेशीर खोली सायकलींना दिलेली आहे. तिला समोरासमोर दोन खिडक्या आहेत, छताला पंखा आहे आणि फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. तज्ज्ञ आणि त्यांची बायको ज्या खोलीत झोपतात तिला एकच खिडकी आहे आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते. "पुढच्या जन्मी मी हँडल घेऊनच येईन, म्हणजे मलाही वारा मिळेल," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तज्ज्ञ हसत नाहीत. त्यांच्या मते सायकलीच्या जुन्या रंगाला दमट हवा सोसत नाही, बायकोला सोसते.

'तज्ज्ञ' हे नाव त्यांना मेहुण्यांनी दिलं. लग्न झालं त्या वर्षी सासरचा एक नळ गळत होता. जावयांनी नळ का गळतो, पूर्वीचे नळ का गळत नसत आणि हल्लीचं पितळ कसं पितळच नव्हे, यावर दुपार घालवली. शेवटी धाकट्या मेहुण्याने वायसर बदलून नळ बंद केला. तेव्हापासून "तज्ज्ञ आले, तज्ज्ञांना खुर्ची द्या" असं सुरू झालं. ही थट्टा आहे हे त्या घरातल्या मांजरालाही कळत होतं. यांना तो मान वाटला. पुढे फोन उचलल्यावर ते स्वतःच "तज्ज्ञ बोलतोय" म्हणू लागले. मग मेहुण्यांचीच पंचाईत झाली, कारण जो माणूस टोमणा पाटीसारखा दारावर लावून घेतो त्याला आणखी काय बोलणार?

नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या भांडारात केली. तारेच्या जाळीमागे बसायचं आणि जाळीतल्या चौकोनातून मिस्त्रींना सुटे भाग द्यायचे. बेअरिंग, स्प्रिंग, वायसर, खिळे. कुठला भाग कुठल्या खणात आहे हे ते झोपेतही सांगू शकत. तो भाग यंत्रात जाऊन काय करतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही आणि पाहावंसं त्यांना वाटलंही नाही. मिस्त्री काळ्या हातांनी मागायचा, हे पांढऱ्या हातांनी द्यायचे. आपण त्याच्यापेक्षा वरचे आहोत ही समजूत त्यांना त्या जाळीने करून दिली. निवृत्त झाल्यावर जाळी सुटली, समजूत सुटली नाही.

जुन्या सायकली गोळा करण्याचा नाद निवृत्तीनंतरचा. खोलीत त्या ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीखाली लाकडी पाट आणि शेजारी काचेची एकेक पेटी. पेटीत त्या सायकलचा एखादा भाग ठेवलेला असतो आणि त्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. भिंतीवर हत्यारं टांगलेली आहेत आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचाच आकार रंगाने काढलेला आहे, जणू पान्याला आपली जागा आठवणार नाही. एकाही हत्याराला तेलाचा डाग नाही. एकही सायकल रस्त्यावर जात नाही. "चालवली की झिजते," हे त्याचं कारण. माणसाला हाच नियम लावायचा तर तज्ज्ञ पुष्कळ टिकतील.

दर रविवारी सकाळी मंडळी जमतात. मंडळी म्हणजे त्यांच्यासारखेच चार-पाच निवृत्त गृहस्थ, आणि त्यांत औषधाचं दुकान असलेले एक, जे निवृत्त नाहीत पण दुकान मुलावर टाकून येतात. ते सायकलींभोवती हात मागे बांधून फिरतात आणि काळ्या रंगाच्या छटांवर बोलतात. एका चेनकव्हरचा काळा निळसर की तपकिरी, यावरून औषधवाले आणि तज्ज्ञ यांच्यात मध्यंतरी अबोला होता. तो मिटला तेव्हा दोघांनीही आपलंच बरोबर होतं असं घरी सांगितलं.

या खोलीत जी सायकल कधी यायला नको होती ती तज्ज्ञांच्या ताईची.

ताई त्यांच्याहून मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं नाहीत. दोन खोल्यांत एकटी राहते आणि गावाच्या खालच्या अंगाला जे मोठं हॉस्पिटल आहे त्याच्या धुलाईघरात शिवणयंत्रावर बसते. फाटलेल्या चादरी, उसवलेले डॉक्टरांचे कोट, वॉर्डबॉयच्या शर्टांची बटणं, सगळं तिच्याकडे येतं. पाळी भल्या सकाळी सुरू होते, पहिली बस निघायच्या आधी. शिवून शिवून तिच्या बोटांचे सांधे सुजून जाड झाले आहेत. सुई धरता येते, कारण सुईला चिमूट लागते. मूठ मात्र पुरती वळत नाही. हाताच्या ब्रेकची सायकल तिला थांबवता येत नाही.

तिच्या जुन्या सायकलला हाताचा ब्रेक नव्हताच. ती पायब्रेकची होती. अशा सायकली आता फारशा दिसत नाहीत. पायडल पुढे मारलं की त्या चालतात, उलटं दाबलं की थांबतात. हँडलला लिव्हर नाही, तारा नाहीत. सगळी करामत मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेली असते. उलट्या दाबाने आतला आट्यांचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा, सरकतो, तो पितळेच्या दोन पाकळ्या फाकवतो आणि त्या पाकळ्या हबला आतून घट्ट धरतात. आता चाक त्या पाकळ्यांनाही आपल्याबरोबर ओढून फिरवू बघतं. तसं होऊ नये म्हणून हबच्या डाव्या बाजूने एक लोखंडी पट्टी निघते, ती पुढच्या बाजूला सायकलच्या खालच्या नळीला क्लिपने आवळलेली असते. ब्रेकचा सगळा जोर शेवटी त्या क्लिपवर येतो. क्लिप दिसायला कुरूप असते आणि नळीचा रंग खाते.

ताईचा ब्रेक गेल्या वर्षी घसरू लागला. उलटं दाबलं तर पायडल अर्धा फेरा पोकळ फिरायचं, मग कधी लागायचं, कधी नाही. ती आधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री काही कुणी गुणी कारागीर नव्हे. त्याला पंक्चर काढता येतं, चेन चढवता येते, आणि त्यापलीकडचं काम आलं की तो नवा भाग विकतो. त्याने चाक एकदा फिरवून बघितलं.

"ताई, हे भंगार आहे. अख्खं चाक फेका. नवं बसवतो, वर दोन हातांचे ब्रेक."

ताईने दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. "ह्या हातांचे?"

"मग हळू चालवा."

"उतारावरून हळू? तू पुढे धावणार का दोरी धरून?"

मिस्त्रीने खांदे उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं ज्ञान जेमतेम असलं तरी आळसात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर दुसरा नाही.

ही गोष्ट तज्ज्ञांच्या कानावर गेली तेव्हा ते तीरासारखे ताईच्या दारात हजर झाले. इतकी वर्षं ही सायकल त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होती, पण बहिणीची म्हणून त्यांनी ती कधी नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी वाकून हबवरची अक्षरं वाचली आणि त्यांचा आवाजच बदलला.

"ताई, तू ह्याला हात लावू दिलास? त्या पंक्चरवाल्याला?"

"फिरवून बघितलं त्यानं. खाल्लं नाही."

"अगं, असा हब आता मिळत नाही! तुला कल्पना तरी आहे का आपल्याकडे काय आहे ते?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "थांबत नसलेली सायकल आहे. तू थांबवून देतोस का? एवढंच सांग."

"आठ दिवसांत देतो."

आठ दिवस हे माप तज्ज्ञांच्या तोंडात कशालाही बसतं. ताईने सायकल दिली. दुसरं करणार तरी काय?

हब उघडण्याचा समारंभ पुढच्या रविवारी झाला. समारंभच म्हणायला हवं, कारण तज्ज्ञांनी मंडळींना मुद्दाम वेळेवर बोलावलं होतं आणि टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यांनी एकेक भाग काढला, रॉकेलमध्ये धुतला, कापडावर ओळीने मांडला आणि प्रत्येकाचं नाव उच्चारलं. नावं सगळी बरोबर होती. छर्रे मोजून वाटीत ठेवले. पाकळ्यांवरचं जुनं, डांबरासारखं झालेलं ग्रीस पाहून औषधवाल्यांनी नाकाला रुमाल लावला. दोष सापडला तो एका बारीक स्प्रिंगमध्ये. कोन पायडलबरोबर नुसताच गरगर फिरू नये म्हणून ती त्याला धरून ठेवते. ती झिजून सैल पडली होती. इथवर तज्ज्ञांचं काही चुकलं नाही. न्याय करायचा तर हेही लिहायला हवं.

साधी तशीच स्प्रिंग कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात वळवून मिळाली असती. तज्ज्ञांना मूळची हवी होती. त्यासाठी त्यांनी दूरदूरच्या संग्राहकांना फोन केले आणि वाट पाहिली. वाट पाहता पाहता सायकल रिकामी उभी का ठेवायची, म्हणून सांगाडा रंगवायला दिला. रंगवून आल्यावर त्यावर हाताने सोनेरी रेघा ओढून घेतल्या. त्या रेघा ओढणारा माणूस म्हातारा होता आणि त्यानेही आपला वेळ घेतला.

तेवढ्या काळात ताईचं काय चाललं होतं? ती अंधारात चालत निघायची. कधी धुलाईघराची गाडी वाटेत भेटली तर ड्रायव्हर घ्यायचा, नाही भेटली तर उशीर. गुडघे बोलू लागले. धुलाईघराचा मुकादम तिला आधी आज्जी म्हणायचा, मग बाई म्हणू लागला, मग काहीच म्हणेना. शेवटी एका शुक्रवारी त्याने सांगून टाकलं.

"वरून विचारणा झालीय. शिवणकाम कंत्राटदाराला द्यायचं म्हणतायत. मी म्हटलं, बाई जुन्या आहेत, हात चांगला आहे. पण तुम्ही वेळेवर येत नाही, मी किती झाकू?"

"सोमवारपासून येईन."

"सोमवारी पाळी लागायच्या आधी यंत्रावर दिसलात तर ठीक. नाहीतर मग मला काही सांगू नका."

ताई कामावरून परस्पर भावाकडे गेली. तज्ज्ञ तेव्हा हातमोजे घालून तिच्या सायकलच्या चेनकव्हरला मेण लावत होते. ताईने सायकल ओळखायला जरा वेळ घेतला.

"ही माझी?"

"बघ! आता कशी दिसते!"

"लग्नाला निघाल्यासारखी. चालते का?"

"स्प्रिंग परवाच आली. बसवली. रविवारी मंडळींसमोर देतो तुला. औषधवाले दोन शब्द बोलणार आहेत."

"मला शब्द नकोत. सोमवारी कामावर पोचले नाही तर माझं काम जातंय."

"रविवार सोमवारच्या आधीच येतो, ताई," तज्ज्ञ म्हणाले आणि पुन्हा मेणाकडे वळले. बायको दारात उभी होती. तिने नणंदेकडे पाहून कपाळावर हात मारला आणि आत गेली.

रविवारी मंडळी जमली. सायकल घरासमोर स्टँडवर उभी होती, मागचं चाक अधांतरी. तज्ज्ञांनी हाताने पायडल फिरवलं, चाक भन्नाट फिरलं, मग पायडल उलटं दाबलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. औषधवाले दोन शब्द म्हणून उठले आणि बरेच बोलले. वारसा, जतन, नवी पिढी हे सगळं येऊन गेलं. ताई या वेळात सायकलच्या डाव्या बाजूला जाऊन वाकली होती.

"अरे, इथे एक क्लिप होती."

"हो, होती," तज्ज्ञ प्रसन्नपणे म्हणाले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी त्यांची इच्छाच असावी. "ती मूळची नाही. नंतर कुणीतरी ठोकलेली. मी काढून पेटीत ठेवलीय."

"कुणी सांगितलं मूळची नाही?"

तज्ज्ञांनी आतून कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाची चौकट आणली. त्यात याच सायकलचं बारीक रेघांनी काढलेलं चित्र होतं. "दाखव यात क्लिप. आहे कुठे?"

मंडळींनी चित्रावर माना वाकवल्या आणि क्लिप नसल्याची एकमताने खात्री केली. सायकलचं चित्र नेहमी चेनच्या बाजूने काढतात, म्हणजे उजवीकडून. ब्रेकची पट्टी आणि तिची क्लिप असते डावीकडे. एवढे सगळे गृहस्थ, सगळ्यांचे चष्मे नाकावर, आणि सायकलला दुसरीही बाजू असते हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ज्यांनी आयुष्यभर सायकली भिंतीला टेकवूनच पाहिल्या त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची?

"मग ही पट्टी कशानं बांधलीस?" ताईने बोट लावून बघितलं. "हा रेशमी दोरा आहे."

"काळं रेशीम. चार पदरी. दिसतसुद्धा नाही. क्लिपनं सोनेरी रेघ खरवडली असती."

"अरे, दोऱ्यातलं तू मला शिकवतोस? ह्यानं मी डॉक्टरच्या कोटाचं बटणसुद्धा लावणार नाही."

"ताई, ती पट्टी नुसती टेकलेली असते. तिच्यावर काही जोर येत नाही. आत्ताच तुझ्यासमोर थांबवून दाखवली की!"

"अधांतरी. वर माणूस बसल्यावर दाखव."

"म्हणजे?"

"म्हणजे तूच बस. ह्या उतारावरून खाली जा आणि ब्रेक मार. थांबलास तर मी तुझे पाय धरीन, मोठी असून."

सगळे तज्ज्ञांकडे बघू लागले. औषधवाले म्हणाले, "हरकत काय आहे? प्रात्यक्षिकच होऊन जाऊ दे." चेनकव्हरचा काळा रंग ते विसरले नव्हते.

तज्ज्ञ शेवटचे सायकलवर कधी बसले होते हे विचारायची गरज नव्हती, ते त्यांच्या बसण्यावरून कळलं. त्यांनी विजार मोज्यात खोचली, हातमोजे तसेच ठेवले, एक पाय उचलला, परत टेकवला, पुन्हा उचलला. सायकल निघाली. घरासमोरचा उतार मोठा नाही, पण खालच्या टोकाला रस्ता वळतो आणि वळणावर एका बांधकामाची वाळू पडलेली होती. तज्ज्ञ पाठीत ताठ बसून अर्ध्या उतारापर्यंत मोठ्या डौलात गेले. मग त्यांनी ब्रेक मारला.

रेशीम तुटल्याचा आवाज कुणाला आला नाही. पट्टी मोकळी झाली, चाकाबरोबर खाली गेली, मागून वर आली आणि मागच्या उभ्या नळीवर खाडकन आपटली. तिथे अडल्यावर हबमधल्या पाकळ्यांना हवा होता तो आधार मिळाला आणि ब्रेक एकदम, सगळाच्या सगळा लागला. चाक जाम झालं. सायकल आडवी घसरली. तज्ज्ञ तिच्यापासून वेगळे झाले आणि वाळूच्या ढिगात बसले. बसले म्हणजे अगदी मांडी घालून बसल्यासारखे, तोंड घराकडे.

मंडळी धावली. ताईही धावली, पण ती भावाला ओलांडून सायकलपाशी गेली. तिने चाक उचललं, फिरवून बघितलं, पट्टी हाताने मागेपुढे केली. मग मागे वळून म्हणाली, "लागलं का रे कुठे?"

"उतार जास्त आहे," तज्ज्ञ वाळू थुंकत म्हणाले.

"उतार मूळचाच आहे, तज्ज्ञ," औषधवाले म्हणाले.

मनगट मुरगळलं होतं, विजार फाटली होती, बाकी काही नाही. त्यांना उभं केल्यावर ते प्रथम सायकलकडे गेले. उभ्या नळीचा रंग फुटून पत्रा दिसत होता आणि सोनेरी रेघेचे दोन तुकडे झाले होते. ते बघून त्यांचा चेहरा असा पडला की अनोळखी माणसाला दया आली असती. ओळखीच्यांना आली नाही, कारण त्यांचं पुढचं वाक्य हे होतं:

"आता ही सायकल वापरण्यासारखी राहिली नाही, ताई. ही माझ्याकडेच राहू दे. मी तुला दुसरी बघतो. हाताच्या ब्रेकची."

ताईने सायकल उचलून धरली आणि ढकलत निघाली. घरातून तज्ज्ञांची बायको धावत आली आणि काचेच्या पेटीतली क्लिप तिच्या हातात कोंबून गेली. क्लिपला अजून चिठ्ठी चिकटलेली होती: 'नंतर जोडलेला भाग. मूळ नाही.' मात्र क्लिपचा स्क्रू पेटीत नव्हता. गंजलेला म्हणून तज्ज्ञांनी तो टाकून दिला होता.

कोपऱ्यावरचा मिस्त्री दुकानाचं शटर ओढत होता.

"बंद झालं, ताई. उद्या या."

"उद्या येऊन काय करू? उद्याच तर पोचायचंय."

मिस्त्रीने सायकल पाहिली आणि त्याचे डोळे विस्फारले. "अरे वा! ही तीच? मी तेव्हाच म्हटलं होतं की…"

"तू तेव्हा चाक फेकायला सांगत होतास. तुझं ऐकलं नाही म्हणून चाक आहे. ही क्लिप धर, स्क्रू घाल आणि आवळ."

"असला स्क्रू नाही माझ्याकडे."

"मग काय आहे?"

मिस्त्री कुरकुरत आत गेला आणि पाण्याच्या पाइपला लावतात तसला गोल पट्टा घेऊन आला. ताईने त्याच्या डब्यातून जुन्या ट्यूबचा तुकडा शोधून दिला. तुकडा नळीवर, त्यावर पट्टी, त्यावर पाइपचा पट्टा, अशी सोनेरी रेघांच्या छातीवर ती गाठ बसली. एक्सलचे नट सैल झाले होते, तेही त्याने आवळले. मग सवयीने चाकावर भार देऊन पायडल उलटं दाबलं आणि चकित झाला.

"लागतो की हो! आतलं काम कुणी केलं? चांगलं केलंय."

"त्याला सांगू नकोस," ताई म्हणाली.

तरी तिने त्याच्या भरवशावर सोडलं नाही. दुकानासमोरच्या उतारावर स्वतः बसून वरखाली चार चकरा मारल्या. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात सोडली आणि आधीपेक्षा जोरात दाबली. ट्यूबचा तुकडा जरा सरकला तेव्हा मिस्त्रीला पुन्हा आवळायला लावलं. तो जांभया देत होता. पैसे मात्र त्याने नवा भाग विकल्यासारखे मागितले. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा कमी केले.

सोमवारी उजाडायच्या आत ती निघाली. हॉस्पिटलकडचा उतार घरासमोरच्या उताराच्या तिप्पट आहे आणि तळाला फाटक आहे, जिथून धुलाईघराच्या गाड्या बाहेर पडतात. तिने उतार निम्मा व्हायच्या आत पाय मागे दाबायला सुरुवात केली, सोडला, दाबला, सोडला, आणि फाटकाच्या अलीकडे एक पाय खाली टेकून उभी राहिली. गाडी समोरून निघून गेली. मुकादम पाळी लावायला आत आला तेव्हा यंत्राचा आवाज आधीच चालू होता. त्याने दाराबाहेर उभी असलेली सायकल येतानाच पाहिली होती.

"आज्जी, केवढी चकाचक सायकल! कुणी दिली?"

"माझीच आहे. भावाच्या तावडीतून सोडवली."

त्याने कंत्राटदाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

तज्ज्ञ मग बरेच दिवस ताईकडे फिरकले नाहीत. मंडळींना त्यांनी जे सांगितलं त्यात वाळू नव्हती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्ती निर्दोष होती, वापरणाऱ्याने घाई केली. औषधवाले आता वेगळ्या दिवशी वेगळ्या घरी मंडळी जमवतात. तिकडे वाळूचा प्रसंग हातवारे करून सांगितला जातो आणि तोही घडला तसा सांगितला जात नाही.

मनगट बरं झाल्यावर एका संध्याकाळी तज्ज्ञ ताईच्या दारात आले. सायकल व्हरांड्यात उभी होती. त्यांनी पाइपच्या पट्ट्याकडे बघायचं टाळलं, पण ते जमलं नाही. दुसऱ्या गावी जुन्या सायकलींचं प्रदर्शन होतं आणि असा हब तिथे दुसऱ्या कुणाकडे नसणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

"एकच दिवस, ताई. मी येऊन नेतो, मीच आणून देतो. फक्त हा पट्टा काढून नेईन. परत लावून देईन हवं तर."

"कधी आहे?"

"बुधवारी."

"बुधवारी मी कशावर जाऊ?"

हा प्रश्न तज्ज्ञांपुढे पहिल्यांदाच येत असल्यासारखं दिसलं. मग त्यांना उत्तर सुचलं आणि चेहरा उजळला.

"अगं, मग रजा काढ ना त्या दिवशी. तुझ्याच सायकलचा मान आहे."

ताईने सायकल व्हरांड्यातून उचलून आत घेतली आणि दार लावलं. बुधवारी ती कामावर होती.